जॉक स्कॉट बांधायचीय, पिसं कुठून आणू?

प्रश्न : ताई, मी पैठणला मागावर बसते. दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंड-स्कॉटलंडात सालमन मासा धरायला गळावर रंगीत पिसांच्या ‘फ्लाय’, म्हणजे किड्यासारखी नकली आमिषं, बांधत, त्यांचे फोटो मोबाइलवर पाहिले आणि अक्षरशः वेड लागलं. जॉक स्कॉट नावाची बांधायची आहे. जर आणि रेशीम घरातच आहे, पण कृतीत टुकान, माळढोक, तणमोर, रानकोंबडा अशी पिसं सांगितलीत. ती कुठं मिळतील? आणि दुसरी पिसं लावली तर ती खरी म्हणायची का?
— एक वाचक, पैठण

उत्तर : आधी पिसांचं. माळढोक, तणमोर आणि राखी रानकोंबडा हे तिन्ही आपल्याकडचे पक्षी, आणि तिन्हींना 1972च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. कुणी पीस आणून देतो म्हणालं तरी घेऊ नका. आपल्या माळांवरून माळढोक जवळपास दिसेनासा झालाय, हे तुम्ही मराठवाड्यातच राहून जाणताच. फ्लायच्या डोक्याशी दोन्ही बाजूंना ‘गाल’ म्हणून जे निळं पीस लावतात, त्याला पर्याय म्हणून जुने लोक खंड्याचं पीस लावत, तेही नको. मोराच्या शेपटीचं आपोआप गळालेलं पीस मात्र देशात जवळ बाळगता येतं, आणि जॉक स्कॉटला त्याचे तंतू लागतातच.

ही पिसं कृतीत आली कशी, तर त्या काळी बायकांच्या हॅटसाठी जगभरातले पक्षी जहाजं भरून लंडनला उतरत. 1902मध्ये हिंदुस्थानातून पिसांच्या निर्यातीवर बंदी आली, 1921मध्ये ब्रिटननं आयातीवर कायदा केला. हाव मात्र संपली नाही. 2009मध्ये इंग्लंडातल्या ट्रिंगच्या संग्रहालयातून संगीत शिकणाऱ्या एका अमेरिकी विद्यार्थ्यानं 299 पक्ष्यांची कातडी चोरली, ती या फ्लाय बांधणाऱ्यांना विकायला. कित्येकांच्या पायाच्या चिठ्ठ्या कापल्या गेल्या. पक्षी कुठं, कधी सापडला तेच कळेना झाल्यावर अभ्यासाला त्याचा काय उपयोग! मला याचा फार राग येतो. कारण सालमनला त्या पिसांशी काही देणंघेणं नाही. अंडी घालायला नदीत चढलेला सालमन खाणंच सोडतो. तरी तो गळावर झडप घालतो, आणि साध्या केसांच्या फ्लायवरही तितकाच येतो. म्हणून माझं ठाम मत : बदली पिसांची जॉक स्कॉट पूर्ण खरी. कसब पिसाच्या किमतीत नाही, पंख जुळवण्यात आहे.

पंखाला पाळीव राजहंसाची पांढरी पिसं पिवळी, लाल, निळी रंगवून घ्या. माळढोकाच्या जागी टर्कीचं ठिपक्यांचं पीस, फ्लायच्या गळ्याला गिनी कोंबडीचं, काळ्या मानपिसाला कडकनाथ. टुकानसाठी कोंबडीची बारीक पिसं पिवळी रंगवा, निळ्या गालासाठी निळी. रानकोंबड्याच्या मानेच्या पिसावरचा तो डोळ्यासारखा मेणचट ठिपका गावरान कोंबड्याच्या काळ्या पिसावर पांढऱ्या-पिवळ्या रंगाच्या ठिपक्यानं छान उतरतो.

आता खरं काम. पिसाच्या प्रत्येक तंतूच्या एका अंगाला सूक्ष्म आकड्या असतात, दुसऱ्या अंगाला त्या अडकायला खाच. पिवळ्याचे दोन-तीन तंतू घ्या, त्यावर कडेला कड लावून लाल, त्यावर निळे, आणि चिमटीत धरून टोकाकडं हळू सारवत न्या. आकड्या अडकतात आणि तीन रंगांचं एकच अखंड पीस दिसायला लागतं. अट एकच : डाव्या पंखाला पक्ष्याच्या डाव्या अंगाचीच पिसं, उजव्याला उजव्याचीच. सरमिसळ केली की तंतू धरतच नाहीत, उलटे वळतात. गळावर बांधताना दोरा चिमटीतून सैल वर न्या आणि सरळ खाली ओढा, म्हणजे तंतू एकावर एक बसतील. दोरा तिरका गेला तर पंख गुंडाळतो.

धडाचं म्हणाल तर तुम्ही माझ्यापेक्षा पुढं आहात. मागचं अर्धं धड पिवळ्या रेशमाचं, पुढचं काळ्या. पीळ नसलेलंच रेशीम घ्या. पिवळ्याखाली आधी पांढऱ्याचा थर द्या, नाहीतर ओलं झालं की गळाचा काळा रंग वर येतो. उन्हाळ्यात बोटं फुटलेली असतील तर रेशीम अडकून पिंजतं. आदल्या रात्री खोबरेल चोळा, पण बसताना हात साबणानं धुवा, पिवळ्यावर डाग लगेच उठतो. गुळगुळीत चमच्याच्या पाठीनं घासलं की चकाकी येते.

वरून रुपेरी जर फिरवायची. फ्लाय बांधणारे वापरतात ते ओव्हल टिन्सेल म्हणजे सुती दोऱ्यावर गुंडाळलेली चपटी तार. तुमची जर रेशमावर गुंडाळलेली, एवढाच फरक. धातूची तार असलेलीच घ्या, प्लॅस्टिकची नको. रिवाज पाच वेढ्यांचा, सारख्या अंतरानं. कापायच्या आधी दोन्ही टोकं दोऱ्यानं दाबून बांधा, नाहीतर तार उलगडत येते.

मात्र लगेच पूर्ण फ्लायला हात घालू नका. आधी नुसत्या तीन रंगांच्या पंखांची जोडी जुळवा, ती नीट बसली की पुढचं. आणि पिसांच्या डब्यात डांबरगोळी ठेवा. कसर लागली तर रंगवलेलं सगळं वाया जाईल.