आमारोने, रिपासो आणि वाल्पोलिचेल्ला: द्राक्षं तीच, मग किमतीत एवढी तफावत का?

द्राक्षातलं पाणी किती उडवलं, त्यावर सगळं ठरतं. इटलीतल्या वेरोना शहराच्या उत्तरेकडच्या टेकड्यांवर या तिन्ही वाइन कोर्विना, कोर्विनोने आणि रोन्दिनेल्ला या जातींपासून मुख्यतः बनतात. मुख्य जात कोर्विना. तिच्या काडीचे बुडाकडचे डोळे नीट फळत नाहीत, त्यामुळे छाटणीत काडी लांब ठेवावी लागते. तिथे अजून मांडव दिसतात ते म्हणूनच.

साधी वाल्पोलिचेल्ला ताज्या द्राक्षांची. हलकी, आंबट चेरीच्या चवीची, लवकर पिऊन टाकायची.

आमारोनेसाठी मोकळे, निरोगी घड हातानं तोडतात, उथळ क्रेटमध्ये एकच थर लावतात आणि हवेशीर माडीवर ठेवतात. १ डिसेंबरच्या आत ते चिरडता येत नाहीत, तसा नियमच आहे. तोवर वजन ३० ते ४० टक्के घटतं. १०० किलो ताज्या द्राक्षांमागे फार तर ४० लिटर आमारोने. साध्या वाल्पोलिचेल्लाची मर्यादा ७० लिटर. वर किमान दोन वर्षं मुरवायची, रिझेर्वा असेल तर चार. किमतीचा बराचसा हिशेब इथेच लागतो.

तासगावची बेदाणा शेड पाहिली असेल तर हे काम उलट्या दिशेनं चालतं असं समजा. तिथे डिपिंग ऑइलच्या द्रावणानं सालीवरचा मेणाचा थर मोडून दोन-तीन आठवड्यांत माल सुकवतात. इथे तो थर शाबूत हवा, पाणी सावकाश जायला हवं. धोकाही त्यातच आहे. शरदातलं धुकं आणि दमट हवा लांबली की फुटलेल्या एका मण्यापासून करडी बुरशी अख्ख्या क्रेटमध्ये पसरते. त्यामुळे पंखे लावतात आणि घड पुन्हा पुन्हा निवडतात. पुढे साखर जास्त आणि तळघर गार, त्यामुळे यीस्ट थकतं; आंबवण मध्येच अडलं तर वाइन गोडसर राहते. ग्लासातून नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास आला तर काम बिघडलंय. त्याला ‘शैली’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. (मुद्दाम गोड ठेवलेली ती रेचोतो, तिचा प्रकारच वेगळा.)

रिपासोत तयार वाल्पोलिचेल्ला आमारोनेच्या ओल्या चोथ्यावर ओततात. सालीत उरलेल्या साखरेमुळे ती पुन्हा थोडी आंबते. अल्कोहोल, रंग, तुरटपणा वाढतो. हिला ‘बेबी आमारोने’ म्हणून विकतात, ते मला पटत नाही, पण पैसे वसूल होतात ते बहुधा हिच्यातच.

विकत घेताना ‘क्लासिको’ म्हणजे फुमाने, नेग्रार वगैरे गावांच्या जुन्या गाभ्यातली, एवढंच समजा. दर्जाची हमी नव्हे. आमारोनेत अल्कोहोल बहुतेकदा १५ टक्क्यांच्या पुढे असतं. मुंबईच्या उकाड्यात ती अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, १६ ते १८ अंशांवर प्या, आणि सोबत झणझणीत रस्सा नको: तिखटावर अल्कोहोल घशात जाळतं. तशा जेवणाला साधी वाल्पोलिचेल्ला, जरा गारच, जास्त जमते.