शेवटच्या बाकावर जाऊन बस

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. नोकरीत नीट रुळायच्या आतच आयक्यूएसीचं, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाचं, समन्वयकपद गळ्यात पडलं. नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची, तपासणी तोंडावर आहे, प्राध्यापकांच्या विकासाचा आराखडा तयार कर, असं प्राचार्यांनी सांगितलं. तू पाच दिवसांची कार्यशाळा आखलीस, पुण्याचे तज्ज्ञ ठरवलेस, आणि मग रात्री मला लिहिलंस, "मॅडम, यातून नक्की कोण बदलणार आहे तेच कळत नाही." हा प्रश्न तुला पडला, याचा मला फार आनंद झाला. म्हणून हे पत्र लांबणार आहे.

मी तुला एकच गोष्ट सांगणार आहे आणि तीच पुन्हा पुन्हा सांगणार आहे. सहकाऱ्याच्या वर्गात जा. आधी विचारून जा, पण जा. शेवटच्या बाकावर बस आणि पूर्ण तास बस. कुठलाही फॉर्म सोबत नेऊ नकोस.

कार्यशाळांशी माझं वैर नाही. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, १९८७ मध्ये प्राध्यापकांच्या प्रशिक्षणासाठी अ‍ॅकॅडेमिक स्टाफ कॉलेजं सुरू केली. माझं ओरिएंटेशन, माझे रिफ्रेशर तिथेच झाले आणि आयुष्यभराची काही माणसं मला तिथे भेटली. २०१५ मध्ये त्या केंद्रांचं नाव बदललं, २०२३ मध्ये मालवीय मिशन या शिक्षक-प्रशिक्षणाच्या योजनेखाली पुन्हा बदललं. पण नाव कोणतंही असलं तरी अडचण तीच राहिली. माणूस तिथून नव्या कल्पना घेऊन परत येतो आणि त्याच्या कॉलेजात त्याला एकच प्रश्न विचारला जातो, "सर्टिफिकेट आणलंत का?" ते फायलीत लागतं, पुढे स्थाननिश्चितीला, म्हणजे वरची वेतनश्रेणी मिळवायला, उपयोगी पडतं. तो शिकून काय आला आणि सोमवारी त्याने वर्गात काय केलं, हे बघायला कुणी जात नाही. नॅकच्या सहाव्या निकषात तुला टक्केवारी भरावी लागेल, किती जणांना परिषदांसाठी आर्थिक मदत दिली, किती जणांनी प्रशिक्षण घेतलं. ती भर, ते तुझं कामच आहे. पण तो रकाना भरला म्हणजे माणूस घडला, असं स्वतःला पटवू नकोस.

मोजता येतं तेवढंच मोजायचं ठरवलं की काय होतं, ते आमच्या पिढीने पुरेपूर पाहिलं. २०१० च्या नियमावलीत एपीआयचे, म्हणजे बढतीसाठी संशोधन-निबंध वगैरे मोजून द्यायचे, गुण आले आणि चांगली चांगली माणसं पैसे भरून कुठेही निबंध छापून आणू लागली. शेवटी मे २०१८ मध्ये यूजीसीला आपल्याच मान्य यादीतली ४३०५ नियतकालिकं काढून टाकावी लागली. ती सगळी वर्षं वर्गातली मुलं तिथेच बसलेली होती. त्यांच्याकडे कुणाचं लक्ष होतं?

आता एक तास सांगते. भूगोलाला तासिका तत्त्वावर एक तरुण होता. एस.वाय.च्या वर्गात समोच्च रेषा, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा, शिकवायच्या होत्या. मी मागे जाऊन बसले. त्याने पिशवीतून मोठा कच्चा बटाटा काढला, मधोमध चिरला आणि अर्धा भाग काचेच्या भांड्यात पालथा ठेवला. एका मुलीला बोलावून बोटाच्या पेराएवढं पाणी ओतायला लावलं. पाण्याची कड जिथे टेकली तिथे तिने कंपासच्या टोकाने ओरखडा काढला. पुन्हा पाणी, पुन्हा ओरखडा. मग पाणी ओतून देऊन त्याने ओरखड्यांत शाई भरली आणि एकेका बाकावरच्या मुलांना उठवून वरून बघायला लावलं. बटाटा जिकडे उभट होता तिकडे रेघा एकमेकींना चिकटल्या होत्या, जिकडे पसरट होता तिकडे लांब लांब गेल्या होत्या. तोवर मांडीवर मोबाइल घेऊन बसलेला माझ्या शेजारचा पोरगा बघून आला आणि म्हणाला, "म्हणजे कडा ह्या बाजूला. चढायची वाट तिकडनं." त्याला आता नकाशा आयुष्यभर वाचता येणार होता.

त्या तरुण शिक्षकाला आमच्या स्टाफरूममध्ये कुणी नावाने ओळखत नव्हतं. "सीएचबीवाला" म्हणायचे, म्हणजे क्लॉक अवर बेसिसवरचा, तासिका तत्त्वावरचा. बसायला ठरलेली खुर्ची नव्हती. पुढच्या आठवड्यात मी त्याच्या विभागप्रमुखांना त्याच्या तासाला घेऊन गेले. त्यांची अर्धी हयात नकाशे शिकवण्यात गेली होती. परत येताना जिन्यात थांबून त्यांनी त्याला विचारलं, "शाई कुठली वापरता?" तेवढंच बोलणं झालं. पण त्या दिवसापासून दोघं डबा एकत्र खायला लागले, आणि वर्ष संपेस्तोवर विभागप्रमुख त्याला आपल्या जुन्या स्थलनिर्देशक नकाशांच्या घड्या उलगडून दाखवत होते. कार्यसंस्कृती म्हणतात ती मला त्या दोन डब्यांत दिसली. त्याआधी बैठकांमध्ये मी तिच्यावर पुष्कळ भाषणं ऐकली होती.

तो मुलगा टिकला नाही. जागा निघावी म्हणून मी प्रस्तावामागून प्रस्ताव पाठवले, वरच्या कार्यालयात जाऊन बसले. जागा भरली गेली नाही. मानधन तासाच्या हिशेबाने, तेही महिनोन् महिने उशिरा यायचं. घरच्यांनी लग्नाचं बघायला सुरुवात केली तसा तो एका खासगी कंपनीत लागला. मला ते आजही सलतं. तुझ्या कॉलेजातही असे तास घेणारे निम्मे असतील, हे तू लिहिलं नाहीस तरी मला कळतं. तुझ्या आराखड्यात त्यांची नावं आहेत का? नसतील तर तो आराखडा फाड आणि पुन्हा लिही. जो माणूस पुढच्या वर्षी असेल की नाही हे ठाऊक नाही, त्याच्यावर वेळ कशाला घालवायचा, असं तुला कुणीतरी समजूतदारपणे सांगेल. त्याचं ऐकू नकोस. मुलं त्याच्यासमोर आज बसलेली आहेत.

माझ्याबद्दल तू ऐकलं असशील. मॅडम हेरगिरी करायच्या, वर्गात जाऊन चुका टिपायच्या. माझ्याविरुद्ध सह्यांचं निवेदनही गेलं होतं. तुला स्पष्ट सांगते, वर्गात पाहिलेलं एक अक्षरही मी कुणाच्या गोपनीय अहवालात लिहिलं नाही. कौतुक सोडलं तर त्या माणसाशिवाय दुसऱ्या कुणाजवळ ते बोलले नाही. आणि कुणाच्याही वर्गात पाऊल टाकण्याआधी माझं वेळापत्रक स्टाफरूमच्या फळ्यावर लावलं होतं, कुणीही कधीही येऊन बसावं म्हणून. सह्या करणाऱ्यांपैकीच एक जण पहिल्यांदा माझ्या तासाला आले आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही प्रश्न विचारता आणि उत्तराला थांबतच नाही." खरं होतं ते. इतक्या वर्षांत मला ते कुठल्याही तज्ज्ञाने सांगितलं नव्हतं. सांगणार कसं? त्यांच्यापैकी कुणी माझ्या वर्गात बसलंच नव्हतं. मी तेव्हाही बरोबर होते आणि आजही माझं मत तेच आहे. शेवटच्या बाकावर जाऊन बस.

तास संपल्यावर लगेच सल्ला देऊ नकोस. चहा घे. "आज तुम्हाला स्वतःला कुठे अडल्यासारखं वाटलं?" एवढंच विचार आणि गप्प बस. ते बोलतील. आपल्याकडे शिक्षकाला हा प्रश्न कुणी विचारतच नाही, म्हणून पहिल्यांदा थोडे बिचकतील. मग तुला दिसलेली एखादीच गोष्ट सांग, तीही शेवटच्या बाकावरून दिसलेली. खिडकीच्या उजेडाने फळ्याचा खालचा भाग मागून चमकतो आणि ताळेबंदाची शेवटची ओळ मुलांना वाचताच येत नाही, हे पुढे उभं राहून कुणाला कळणार?

वेळ कुठून काढू, असं विचारशील. नियमाने सहायक प्राध्यापकाला आठवड्याला सोळा तास शिकवायचं असतं. रिकाम्या जागांमुळे तुझ्यावर त्याहून जास्त पडत असणार, मान्य आहे. तरी आठवड्यातून एक तास काढ. समितीच्या एका बैठकीत याहून जास्त वेळ जातो.

ऑफिसलाही विसरू नकोस. शिष्यवृत्तीचे अर्ज भरायच्या दिवसांत एकदा क्लार्कच्या बाजूला खुर्ची टाकून बस. महाडीबीटीचं पोर्टल अडकलेलं असतं, खिडकीशी रांग वाढत असते, आणि एखाद्या मुलीच्या उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपलेली असते. तो माणूस तिला काय सांगतो आणि कोणत्या आवाजात सांगतो, ते ऐक. ती मुलगी शिकेल की शिक्षण सोडेल, हे पुष्कळदा त्या खिडकीवर ठरतं. त्याच्यासाठी कुठल्याही आराखड्यात एक ओळ नसते. प्रयोगशाळेतल्या परिचरांचंही तसंच.

तुझ्या विभागातले दोन ज्येष्ठ एकमेकांशी बोलत नाहीत, त्याची फार काळजी करू नकोस. डेक्कन एज्युकेशन सोसायटी उभी करणाऱ्यांतही टोकाचे मतभेद झाले. आजीव सदस्यांनी बाहेरून कमाई करावी की नाही, या वादातून टिळक १८९० मध्ये बाहेर पडले, आगरकर राहिले, फर्ग्युसन चालू राहिलं. त्या दोघांचा समेट घडवायला जाऊ नकोस, ते तुझ्या वयाचं काम नाही. दोघांच्याही तासाला जाऊन बस. एकाच्या वर्गात आवडलेली गोष्ट दुसऱ्याला सहज सांग आणि पुढे काय होतं ते होऊ दे.

कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक ज्याचे सदस्य-सचिव होते, त्या कोठारी आयोगाने १९६६ मध्ये आपल्या अहवालाची सुरुवातच देश वर्गखोल्यांत घडतो आहे, असं सांगून केली. एवढी वर्षं आपण ते वाक्य समारंभात वाचतो आहोत. वर्गखोलीचं दार मात्र लोटलेलंच आहे.

तेव्हा उद्या तुझं वेळापत्रक फळ्यावर लाव, खाली स्वतःच्या हाताने लिही की माझ्या तासाला कुणीही यावं. पहिले काही दिवस कुणी येणार नाही, तो कागद काढू नकोस. मग ज्याच्याशी तुझं बरं आहे त्याच्यापासून सुरुवात कर, विभागप्रमुखांना शेवटी विचार. गणपतीनंतर अंतर्गत परीक्षा लागतात आणि दिवाळीच्या आधी तास बंद पडतात, त्यामुळे हे दोन महिने वाया घालवू नकोस.

तुझ्या,
मॅडम