साबण खाली ठेवा, आधी शुगर तपासा

«ताई, मी ४१ वर्षांचा, ऐरोलीला राहतो, नोकरी रबाळे एमआयडीसीत. तीन महिने झाले, लिंगाच्या टोकावर लाल चट्टे आहेत, खाज सुटते, कातडी मागे घेताना चिरा पडल्यासारखं चुरचुरतं. आत दह्यासारखं पांढरं जमतं. मित्राने सांगितलेली ट्यूब मेडिकलमधून आणली. लावली की चार दिवस बरं वाटतं, बंद केली की दुप्पट. दिवसातून तीनदा साबणाने धुतो, कधी पाण्यात अँटिसेप्टिक टाकतो. बायकोला बोललो नाही, पाठदुखीचं निमित्त करून हॉलमध्ये झोपतो. परवा तिने सरळ विचारलं, बाहेर कुणी आहे का? ताई, आईशप्पथ, माझं कुठे काही नाही. हा गुप्तरोगच आहे का?
ता. क. हल्ली रात्री दोन-तीनदा लघवीला उठावं लागतं, तहानही फार लागते. वयामुळे असेल.»

भाऊ, तुमचं पत्र मी ता. क. पासून सुरुवातीकडे वाचत गेले. एक्केचाळिसाव्या वर्षी कुणी ‘वयामुळे’ रात्री तीनदा उठत नाही. उद्या सकाळी काही न खाता लॅबमध्ये जा आणि उपाशीपोटीची शुगर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी), दोन्ही करून घ्या. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त, एचबीए१सी ६.५ किंवा त्याहून जास्त आली, तर तो मधुमेह. रक्तात साखर वाढली की ती लघवीतून उतरते, दोन थेंब कातडीच्या आत राहतात आणि त्या दमट, उबदार जागेत बुरशीला आयतं जेवण मिळतं. माझ्या धाकट्या दिरांची शुगर अशीच सापडली होती. ते सहा महिने पावडर मारत बसले होते, हे नंतर कळलं.

तुम्हाला जे झालंय असं वर्णनावरून वाटतं, त्याला डॉक्टर बॅलनायटिस म्हणतात, म्हणजे लिंगाच्या टोकाला आलेली सूज. वरची कातडीही सुजली की बॅलनोपोस्थायटिस. नावं भारदस्त, दुखणं अगदी नेहमीचं. सगळ्यात जास्त वेळा कारण असतं कॅन्डिडा नावाची बुरशी. ती एरवीही आपल्या अंगावर असतेच, ती आणायला कुठे ‘बाहेर’ जावं लागत नाही. शरीरसंबंधातून होणाऱ्या काही आजारांतही सूज येते, म्हणून डॉक्टरांनी एकदा बघायला हवं. पण नुसत्या लालीवरून कुणाचं चारित्र्य ठरत नाही. तुमचं तुम्हीही ठरवू नका.

आता साबण. ही तुमची सगळ्यात मोठी चूक, आणि ती स्वच्छतेच्या हौसेपोटी झाली आहे. तिथली त्वचा ओठांच्या आतल्या बाजूसारखी नाजूक असते. तिला दिवसातून तीनदा साबण आणि वर अँटिसेप्टिक लावलं की ती सोलवटते, आणि मग जळजळ बुरशीची की साबणाची हे कळेनासं होतं. नुसत्या साबणानेही बॅलनायटिस होतो. आजपासून फक्त कोमट पाणी, दिवसातून एकदा, फार तर दोनदा. कातडी हळूच, जाईल तेवढीच मागे घ्या, धुवा, मऊ सुती कापडाने टिपून कोरडं करा आणि कातडी न चुकता पुन्हा पुढे आणा. ती मागेच अडकून टोक सुजलं, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री कॅज्युअल्टी गाठायची.

ट्यूबचं नाव तुम्ही लिहिलं नाहीत, पण ‘चार दिवस बरं, मग दुप्पट’ ही तिची ओळख पुरेशी आहे. बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि कडक स्टिरॉइड एकत्र असलेली ही ट्यूब असणार. स्टिरॉइडने खाज नि लाली दबते, बुरशी आत मजेत वाढते, आणि त्वचा कागदासारखी पातळ होत जाते. असं औषध चिठ्ठीशिवाय विकायचं नसतं, पण काउंटरवर काय चालतं ते तुम्ही-मी रोज बघतो. ट्यूबवर बारीक अक्षरात क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन लिहिलेलं दिसलं, तर ती लावणं थांबवा आणि जाताना डॉक्टरांना दाखवायला सोबत न्या. बुरशीच असेल तर डॉक्टर बहुतेक वेळा साधं क्लोट्रिमाझोल १ टक्का क्रीम दिवसातून दोनदा, एक ते दोन आठवडे देतात. कधी फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅमची एकच गोळी. पण इतर गोळ्या चालू असतील तर ती मनाने घेऊ नका. शुगरच्या गोळ्या सुरू झाल्या, तर हेही डॉक्टरांच्या कानावर घाला: डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर लघवीवाटेच बाहेर टाकतात, त्यामुळे हा त्रास वाढू शकतो.

दाखवायचं त्वचारोगतज्ज्ञांना. पाटीवर ‘त्वचा व गुप्तरोग’ वाचून मागे फिरू नका. शिक्षणच दोन्हींचं एकत्र असतं, आणि बाकावर शेजारी बसलेला माणूस केस गळतात म्हणून आलेला असतो. खर्चाची अडचण असेल तर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय तुम्हाला जवळ आहे. सरकारी रुग्णालयांत याच तक्रारींसाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ही असतं, मोफत. लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या ‘शर्तिया इलाज’च्या नंबरांकडे मात्र बघायचंसुद्धा नाही.

फोड, जखम, पू, लघवीची धार बारीक होणं, किंवा चकचकीत पांढरे डाग पडून कातडी आवळत जाणं, यातलं काही दिसलं तर हे साधं प्रकरण नाही. औषधाने न भरणाऱ्या जखमेचा तुकडाही काढून तपासतात. पुन्हा पुन्हा होत राहिलं किंवा कातडी मागे जाईनाशी झाली, तर सुंता सुचवतात. ते ऐकून दचकू नका, तिथे ती धर्माची बाब नसते, छोटं ऑपरेशन असतं.

राहिली बायको. तिला तुम्ही काहीच सांगितलं नाहीत, म्हणून तिने रिकामी जागा स्वतः भरली. कुणीही भरली असती. आज रात्री पाठदुखी सोडा आणि खरं दुखणं सांगा. तिला खाज किंवा पांढरं जाणं असा त्रास आहे का, तेही विचारा. असेल तर तिलाही औषध लागेल, नसेल तर बहुधा नाही. सूज उतरेपर्यंत संबंध नकोत, घर्षणाने पुन्हा चिघळतं. क्रीम चालू असताना कंडोमवर भिस्त ठेवू नका, क्रीमने रबर कमजोर होतं.

आणि डॉक्टर पहिल्यांदा विचारतील, घरात कुणाला शुगर आहे का? तुम्हाला आठवत नसेल तर तिलाच विचारा. तुमच्या आईच्या गोळ्या कोणत्या डब्यात असतात, ते तिला पाठ असेल.