दवाखाना सगळ्यांना खुला असूनही गरीब वस्तीत आजार जास्त का?

कारण आजार दवाखान्यात सुरू होत नाही. घरात हवा खेळते का, नळाला पाणी कसलं येतं, काम काय, शाळा किती झाली, यावर बरंच आधीच ठरलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेनं मायकल मार्मट या डॉक्टरांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगानं २००८ च्या अहवालात हेच मांडलं.

आमच्याकडे वडोदऱ्यात, दांडिया बाजारात, कामाला येणाऱ्या मावशींना मधुमेह आहे. सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात, पण रांगेत सकाळ गेली की चार घरांचं काम बुडतं, म्हणून त्या जातच नाहीत. यात हलगर्जी शोधणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. ओपीडी संध्याकाळी चालू ठेवा, त्या येतील.

उपाय पूर्वीही झालेत. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी आजवा तलावाचं पाणी शहरात आणलं आणि १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं, मोफत केलं. मुलींनाही. शिकलेल्या आईची मुलं जास्त जगतात, हे जगभर दिसलंय. त्यामुळे मी तर याला आरोग्यखात्याचंच काम म्हणेन.

आजचं उदाहरण म्हणजे निक्षय पोषण योजना. क्षयरोग्याला औषधासोबत आहारासाठी महिना ५०० रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून १००० मिळतात. उपाशी पोटी नुसत्या गोळ्या पुरत नाहीत.