पन्नाशीत नोकरी शोधताना

भाऊ, आधी बायोडेटा दोन पानांत बसवा. आयटीआयपासूनची सगळी जंत्री कुणी वाचत नाही, शेवटची दहा-बारा वर्षं पुरे. ‘अनुभव ३० वर्षे’ लिहिण्यापेक्षा ‘मायक्रोमीटर, हाइट गेज (मोजमापाची साधनं) रोज हाताळतो, ड्रॉइंग वाचतो’ असं लिहा. पुण्याजवळच्या भोसरी-चाकणच्या लहान वर्कशॉपवाल्यांना असाच माणूस लागतो, आणि तिथली कामं बहुतेक ओळखीतूनच मिळतात. तेव्हा लाज सोडा, जुन्या सहकाऱ्यांना फोन लावा. मी तीन महिने लावला नाही. ‘मुलाखतीला जातो’ सांगून डबा घेऊन बागेत बसायचो!

ओढाताण झाली तरी ईपीएसची (पीएफसोबतच्या पेन्शन योजनेची) पेन्शन घाईने सुरू करू नका. पूर्ण पेन्शन ५८ ला. पन्नाशीनंतर आधी घेतली तर प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कपात, तीही कायमची.