वाढत्या अंगाचा शर्ट चालतो, बूट नाही

प्रश्न : मुलगा सहा वर्षांचा, यंदा पहिलीत. जूनमध्ये घेतलेले बूट दिवाळीला आखूड होतात. दोन नंबर मोठे घेऊन पुढे कापूस कोंबला तर वर्ष निघेल का? (एक पालक, सातारा)

उत्तर : वर्ष निघेल, पण त्रास पावलांना होईल. मोठ्या बुटात पाऊल पुढे घसरतं. ते सावरायला मूल बोटं आकसून धरतं, पाय ओढत चालतं आणि टाच घासून फोड येतो. कापूस बोटांची जागा खातो आणि घामाने ओला राहतो.

माप संध्याकाळी घ्या, दिवसभराने पाय किंचित फुगलेले असतात. शाळेचे मोजे घालून, टाच भिंतीला टेकवून मुलाला कागदावर उभं करा. भार दोन्ही पायांवर हवा. सर्वांत लांब बोटापुढे खूण करा. पुष्कळ मुलांत ते बोट अंगठा नसून त्याच्या शेजारचं असतं. दोन्ही पावलांपैकी मोठ्याचं माप धरा आणि त्यात एक सेंटिमीटर मिळवा. पाऊल 18 सेंमी असेल तर बूट आतून 19 सेंमी हवा. नंबरावर विसंबू नका, कंपनीगणिक तो बदलतो. त्यापेक्षा वहीच्या पुठ्ठ्याची 19 सेंमीची पट्टी कापून दुकानात न्या. ती बुटात न वाकता सपाट बसली पाहिजे. बूट चवड्यापाशी वाकावा, मधोमध नव्हे. मागची टाचेची भिंत अंगठ्याने दाबून चेपता कामा नये. नाडी किंवा वेलक्रो हवाच.

या वयात पाऊल वर्षाला साधारण सेंटिमीटरभर वाढतं, त्यामुळे जूनच्या बुटात ठेवलेली सेंटिमीटरभर जागा दिवाळीपर्यंत जवळपास निम्मी होते, आणि नेमक्या मापाचे बूट तर आखूड होणारच. महागाचा एक जोड घेण्याऐवजी बेताच्या किमतीचे दोन घ्या : एक जूनमध्ये, दुसरा दिवाळीच्या सुट्टीनंतर. मधे एकदा माप तपासा. ‘टोचतंय’ म्हणण्याची वाट पाहू नका. लहान पावलात कूर्चेचा भाग बराच असतो, दाब पडला तरी मुलाला चटकन जाणवत नाही.

प्रश्न : चार वर्षांच्या मुलीच्या ओल्या पावलाचा ठसा फरशीवर अगदी सपाट उमटतो. कमानीचे खास बूट घ्यावेत का? (एक आई, नाशिक)

उत्तर : नकोत. या वयात तळव्याखाली चरबीची गादी असते, सांधेही सैल असतात. कमान पुढच्या काही वर्षांत आपसूक दिसू लागते, खास बुटांनी ती लवकर येत नाही. तिला भिंतीला हात टेकवून चवड्यांवर उभं करा. कमान दिसली आणि टाचा आत वळल्या, तर निश्चिंत राहा. घरात अनवाणी खेळू द्या. चवड्यांवरही पाऊल सपाटच राहिलं, दुखत असेल, एकाच पायाला असेल किंवा ती लंगडत असेल, तर मात्र अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : पावसाळ्यात मुलाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. काय करावं? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : बेचकी न घासता टिपून कोरडी करा, करंगळीशेजारची आधी. दप्तरात सुती मोज्यांचा जादा जोड ठेवा. ओल्या बुटातली गादी काढून वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि दोन तासांनी बदला. बूट गॅसजवळ वाळवू नका, डिंक सुटतो. घरात पडलेली खाजेची ट्यूब लावू नका. तिच्यात स्टिरॉइड असेल तर खाज थांबते, पण बुरशी फोफावते. आठवड्यात उतार पडला नाही तर डॉक्टरांकडे जा.