कुंडीतील अरेका पाम : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न (जळगाव) : दिवाणखान्यातील अरेका पामच्या पानांची टोके तपकिरी होऊन वाळतात. बोअरचे पाणी रोज घालतो, खतही देतो. काय कमी पडते आहे?

उत्तर : कमी काहीच नाही, क्षार जास्त झाले आहेत. बोअरच्या जड पाण्यातील पाणी उडून जाते, क्षार मात्र कुंडीत साठत राहतात आणि मुळांवाटे चढून पानांच्या टोकांशी गोळा होतात. कुंडीच्या काठावरचा पांढरा थर ही त्याची खूण होय. अशा मातीत खत घालणे म्हणजे क्षारांत भर घालणेच, म्हणून ते काही काळ थांबवावे आणि कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट-तिप्पट पाणी सावकाश ओतून तळाच्या छिद्रातून वाहून जाऊ द्यावे. हे पाणी पावसाचे असल्यास उत्तम. पाणी वाया जाऊ नये या चांगल्या हेतूने अनेक घरांत आरओ यंत्राने बाहेर टाकलेले पाणी कुंड्यांना घातले जाते. त्यात क्षार अधिकच एकवटलेले असल्यामुळे पामला ते कधीही देऊ नये. पुढे वरची दोन बोटे माती सुकल्यावरच पाणी द्यावे. वाळलेली टोके पुन्हा हिरवी होणार नाहीत; सुधारणा नव्या पानांवरून ओळखावी.

प्रश्न (धुळे) : पश्चिमेच्या काचबंद गॅलरीत हिवाळाभर टवटवीत असलेला पाम मार्चपासून फिकट पडला. पानांखाली बारीक जाळी दिसते.

उत्तर : हा लाल कोळी, म्हणजे पानांतला रस शोषणारी अगदी बारीक कीड आहे. कोरड्या उष्ण हवेत तो झपाट्याने वाढतो. पानांची खालची बाजू दर दोन-तीन दिवसांनी पाण्याच्या फवाऱ्याने धुवावी. तेवढ्याने न भागल्यास संध्याकाळी निंबोळी तेल फवारावे. खरे कारण मात्र जागेत आहे. काचघर ही थंड मुलखात ऊब धरून ठेवण्याची सोय आहे. अरेका मूळचा मादागास्करचा, त्याला उबेबरोबर दमटपणाही लागतो, आणि आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा बंद काचेमागे त्याची भट्टी होते. जूनपर्यंत कुंडी पूर्वेच्या खिडकीशी, कुलरचा झोत थेट लागणार नाही अशी ठेवावी.

प्रश्न (रावेर) : पाम छताला टेकला आहे. शेंडा छाटू का?

उत्तर : मुळीच नको. केळीचा खांब वरून कापला तरी मधून नवे पान निघते, कारण तिचा वाढीचा कोंब बुंध्यात, जमिनीलगत असतो. पामचा तो शेंड्यातच असतो, आणि शेंडा गेला की ते खोड मरते. अरेका झुबक्याने वाढतो, तेव्हा सर्वांत उंच खोड मातीलगत कापून काढावे; धाकटी खोडे त्याची जागा घेतील.